खालचे गृहस्थ

१

पहिली गोष्ट खटकली ती अगदी साधी होती. पोलंडहून आलेली एक म्हातारी बाई पायऱ्या चढून वर आली, दाराला टेकून तिनं दम खाल्ला, जुमानाचे आभार मानले आणि म्हणाली, "खालच्या गृहस्थांनाही सांगा हं. शेवटच्या पायरीवर त्यांनी हात दिला, नाहीतर आज माझं काही खरं नव्हतं."

"सांगते," जुमाना सवयीनं म्हणाली.

बाई गुडघा धरून बसकडे निघाली आणि मध्येच वळली. "आणि म्हणावं, हात डॉक्टरला दाखवा. केवढी पट्टी बांधलीय."

बस गेली. गल्लीत डिझेलचा वास रेंगाळला. तेव्हा कुठे जुमानाच्या लक्षात आलं की खाली गृहस्थ असे कुणी नव्हतेच. तो सगळा गट बायकांचा होता. बरोबर एक पाद्री होते, पण त्यांच्या पोटाला त्या अरुंद पायऱ्या मानवणाऱ्या नव्हत्या. ते सगळा वेळ समोर शुक्रीकाकांच्या दुकानात ऑलिव्हच्या लाकडाच्या उंटावरून घासाघीस करत होते.

म्हातारं माणूस, अंधार, पडण्याची भीती. भिंतीला हात लागला असेल आणि तिला तो माणसाचा वाटला असेल. जुमानानं स्वतःची समजूत घातली. समजूत घालण्यात ती तरबेज होती. पत्र्यावर मांजरानं उडी मारली तरी तिच्या हातातला पेला पडायचा, आणि मग ती बराच वेळ स्वतःला कारणं सांगत बसायची.

पण भिंतीला पट्टी कुठून असणार?

२

त्या पायऱ्यांखाली लाझरसची कबर होती. गावाचं नावच त्याच्यावरून पडलेलं. येशूचा हा मित्र मेला, चार दिवस कबरीत होता, आणि मग येशूनं बाहेरून त्याला नावानं हाक मारली. हातपाय कापडाच्या पट्ट्यांनी बांधलेले, तोंडावर फडकं, अशा अवस्थेत तो उठून बाहेर आला. ही गोष्ट जुमानाला तोंडपाठ होती. प्रत्येक गटातलं कुणीतरी तळाच्या खोलीत उभं राहून ती आपापल्या भाषेत वाचायचं, मग घसा साफ करून "लाझरस, बाहेर ये" असं ओरडायचं आणि बाकीचे हसायचे. हसू नये असं ठरवून आलेलेही हसायचे.

कबरीची किल्ली तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती. घराणं मुसलमान, येणारे बहुतेक ख्रिस्ती, पण त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दार उघडायचं, दिवे लावायचे, जपून उतरा म्हणायचं, संध्याकाळी दार लावायचं, एवढंच काम. बाबा आजारी पडल्यापासून ते जुमानाकडे आलं. विद्यापीठात तिनं इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेतली होती. "त्याचा उपयोग झाला बघ," शुक्रीकाका म्हणायचे, "आता 'डोकं सांभाळा' शुद्ध इंग्रजीत सांगतेस."

पाहुण्यांचे चेहरे बघायची तिला सवय लागली होती. ते यायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एक चित्र असायचं. अंजिराची झाडं, पांढरा रस्ता, पाणी भरणाऱ्या लाझरसच्या दोघी बहिणी. बसमधून उतरल्यावर दिसायचं टायरचं गॅरेज, मोबाईलची दुकानं, कोंबड्या फिरवून भाजणारं काचेचं कपाट, आणि रस्त्याच्या टोकाला रस्ताच गिळून उभी असलेली, इस्रायलनं बांधलेली सिमेंटची भिंत. एकेकाळी इथून टेकडी ओलांडून माणसं चालत जेरुसलेमला भाजी विकायला जायची. आता त्याच टेकडीला जायला वळसा घालावा लागे, परवाना लागे आणि नशीब लागे. पाहुणे क्षणभर गोंधळायचे, मग दार दिसलं की त्यांच्या जिवात जीव यायचा. कारण पायऱ्या मात्र त्यांच्या चित्रातल्यासारख्याच होत्या. गुळगुळीत झालेल्या, वाकड्या, खाली काळोखात उतरत जाणाऱ्या.

बाबांनी किल्ली देताना एकच गोष्ट बजावली होती. खालच्या माणसांना वर बोलवायचं असलं, किंवा दार लावण्याआधी कुणी राहिलंय का बघायचं असलं, तर किल्लीनं लोखंडी दारावर तीन ठोके द्यायचे आणि थांबायचं. हाक मारायची नाही. नावानं तर नाहीच.

"का पण?"

"माझे वडील मारत नव्हते म्हणून."

तिनं शुक्रीकाकांना विचारलं होतं. "पाहुणे तर रोज हाक मारतात की."

"ते ज्याला मारतात तो केव्हाच येऊन गेला, पोरी," काका उंटांवरची धूळ फुंकत म्हणाले. "त्याच्या नावानं आता कोण ओ देणार? घे, ही खारी बडीशेप खा. तोंड उतरलंय तुझं."

३

बाबा भिंतीपलीकडच्या इस्पितळात होते. घराच्या गच्चीवर गेलं की टेकडीवरची ती इमारत दिसायची, संध्याकाळी तिच्या खिडक्याही मोजता आल्या असत्या. आईला बरोबर जायचा परवाना मिळाला. जुमानाला मिळाला नाही. तिनं पुन्हा अर्ज केला होता.

रोज दार लावायच्या आधी ती सगळ्यात वरच्या पायरीवर बसायची, पाठ काळोखाकडे आणि तोंड गल्लीकडे करून, आणि बाबांना फोन लावायची. हात गारठलेले असत, म्हणून फोन स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवायचा आणि मोठ्यानं बोलायचं. बाबांचा आवाज पायऱ्यांवरून खालपर्यंत जायचा.

"कसे आहात, बाबा?"

"चांगला आहे, बाबा. डॉक्टर म्हणतो नळीत फुगा घालणार. लग्नघर करणार माझ्या छातीचं."

त्या मुलखात बाप लेकीला बाबा म्हणतो आणि आई लेकीला आई. जो शब्द लेकरानं आपल्याला म्हणायचा, तोच उलटून लेकराला म्हणायचा, अशी तिथली माया. वर बाबांनी स्वतःला अबू जुमाना, म्हणजे जुमानाचा बाप, म्हणवून घेतलं होतं. मुलगा होऊन त्याचं नाव लावायची वाट बघत थांबले नाहीत.

तिनं त्यांना पोलिश बाईची गंमत सांगितली. गंमत म्हणूनच सांगितली. पलीकडून नुसता इस्पितळातला आवाज येत राहिला, ढकलगाडीची चाकं, कुणाचं तरी खोकणं.

"बाबा?"

"किल्ली वाजवलीस ना?"

"रोज वाजवते."

"कुणाला हाक नाही ना मारलीस खाली?"

"मी कशाला मारू? भुतं गोळा करायचीत का मला?"

"बरं," बाबा म्हणाले. "जेव वेळेवर, बाबा. तुझी आई नाही तर तू पावावर दिवस काढत असशील."

फोन ठेवल्यावर ती उठली, वळली, किल्ली वाजवली. टण, टण, टण. थांबली. खाली काही हललं नाही. हलायचं कारणच नव्हतं.



४

दुसऱ्या दिवशी वाटाड्या जिरीस चिडून वर आला. हा बेतजाला गावचा, रोज दोन-दोन गट आणणारा, मुळात तोंडाळ. "जुमाना, कुणाला बसवलंयस आत? माझी माणसं कबर न बघता परत आली."

"कुणाला म्हणजे?"

"मला काय माहीत. मी इथंच होतो, माझे गुडघे मी पेन्शनसाठी राखून ठेवलेत. हे म्हणतात, आतल्या खोलीत एक जण प्रार्थना करत बसलाय, त्याला त्रास नको." त्यानं मागच्या जोडप्याकडे हात केला. ब्राझीलची तरुण मंडळी, अजून हळू आवाजातच बोलत होती. "बसलाय म्हणे, तोंड झाकून. अर्धा तास थांबले हे वाकून. सौजन्य बघ."

"आज सकाळपासून तुझाच गट आलाय."

"मग कोण आहे तो?" जिरीस म्हणाला आणि तिच्याकडे बघून एकदम मऊ झाला. "अगं, असेल कुणीतरी काल राहिलेला. जा बघ. की मी येऊ?"

"गुडघे राख," ती म्हणाली, कारण भित्री म्हणून तिची गावभर ख्याती होती आणि जिरीसला ती गोष्ट महिनाभर पुरली असती.

ती उतरली. खालच्या त्या पहिल्या खोलीत नेहमी वाटतं तसंच वाटलं, कानांत कापूस घातल्यासारखं. त्या दगडात आवाज घुमत नाही. तो शोषला जातो. स्वतःच्या पावलांचा आवाजसुद्धा पायांपाशीच संपतो. कबरीची खरी खोली त्याच्याही खाली, एका भोकातून जवळजवळ रांगत जावं लागतं. ती गुडघ्यांवर बसली आणि मोबाईलचा उजेड आत टाकला.

कुणी नव्हतं. दिवा जळत होता. भिंती, खाच, दगडी कट्टा. हिवाळ्यात तो कट्टा घामेजल्यासारखा ओला असतो, बोट लावलं तर बोटाला पाणी येतं. आजही ओला होता. फक्त मधोमध एक तुकडा कोरडा होता. माणूस बसला तर जेवढा झाकेल, तेवढाच.

कुणीतरी बसलं असेल. पण आत तर कुणी गेलंच नव्हतं. काल कुणी बसलं असेल. मग रात्रीत ओल धरली असती. दगडच तिथं वेगळा असेल. इतके दिवस वेगळा नव्हता?

ती मागे सरकत बाहेर आली. पाठ वळवायची हिंमत झाली नाही, म्हणून पायऱ्या उलट्या चढली. वर जिरीस शुक्रीकाकांकडे कॉफी पीत होता.

"काय, भेटला का लाझरस?"

"तुझी चौकशी करत होता," ती म्हणाली, आणि दोघं हसले. तिचा हात मात्र स्वेटरच्या बाहीतून बाहेर आला नाही.

संध्याकाळी तिनं हे बाबांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा तो फुगा होता. छातीवर भार देण्यासारखं ते बोलणं नव्हतं.

५

सकाळी आईचा निरोप आला. 'आज करतील की नाही नक्की नाही. डॉक्टर म्हणतात कदाचित घरी सोडू, पुढच्या आठवड्यात या. कळवते.' त्यानंतर काही नाही.

तिनं आईला फोन लावला. वाजत राहिला. बाबांना लावला, तोही वाजत राहिला. दुपारपर्यंत तिनं लावत राहायचं सोडलं नाही. इस्पितळाच्या नंबरवर एक बाई प्रत्येक वेळी थांबा म्हणायची आणि गाणं लावायची.

"वॉर्डात फोन घेऊ देत नाहीत," शुक्रीकाका म्हणाले. "आणि तुझी आई. तिचा फोन नेहमी पिशवीच्या तळाशी, बटाट्यांखाली."

"इस्पितळात बटाटे कशाला असतील?"

"तुझ्या आईची पिशवी आहे, पोरी. असतील." मग ते दाढी खाजवत म्हणाले, "वाईट बातमीला पाय असतात. आली असती आत्तापर्यंत."

त्यांनी अस्रच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजासाठी दुकान ओढून घेतलं आणि मशिदीकडे गेले.

शेवटचा गट फिलिपिनी बायकांचा होता. तेल अवीवमध्ये म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या, सुट्टीच्या दिवशी स्वखर्चानं आलेल्या, डबे-बिबे घेऊन. खाली त्यांनी गाणं म्हटलं, ते वर पोचेपर्यंत अगदी पातळ झालं होतं. मग हाक. मग हसू. मग एकेक जण वर आली.

सगळ्यात शेवटी आलेली बाई मात्र हसत नव्हती. तिनं जुमानाच्या दंडाला हात लावून बाजूला घेतलं.

"तुमचे कुणी आहेत का खाली? म्हातारे?"

"का?"

"मी नर्स आहे. त्यांना असं तिथं बसवू नका. इस्पितळातून आणलंय ना? हाताला पट्टी आहे, सलाईन काढल्यावर बांधतात तिथं. पण ती बांधली कुणी? बोटंसुद्धा सगळी एकत्र गुंडाळलीत. अशी कुणी बांधत नाही." तिनं आपल्या मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत हात फिरवून दाखवला. "मी म्हटलं, चला, धरते तुम्हाला. तर उठता येत नाही म्हणून मान हलवली. आणि सारखं तेच. बाबा, बाबा. इतक्या वयात बापाला हाका मारतायत, बिचारे."



परक्या माणसाला तसंच वाटणार, म्हातारा आपल्या बापाला बोलावतोय. पण त्या गावात म्हातारा माणूस तोंडानं बाबा म्हणतो ते लेकराला.

"चेहरा कसा होता?" तिनं विचारलं.

"मफलर गुंडाळला होता ना," नर्स म्हणाली. "थंडीच आहे तशी खाली."

६

बस वळली आणि गल्ली रिकामी झाली. समोरचं दुकान बंद होतं. गॅरेजमधलं ठोकणंही थांबलं होतं. ऊन फक्त वरच्या पायरीवर उरलं होतं, तेही निघायच्या बेतात.

घरी सोडलं असेल. सोडतील असं आईनंच कळवलं होतं. टॅक्सीनं वळसा घालून आले असतील, आई पिशव्या घेऊन पुढे घरी गेली असेल, आणि बाबा आपल्या हट्टानं इकडे. उन्हाळ्यात दुपारी ते खालीच तर जाऊन बसायचे, गारव्याला. पट्टी सलाईनची. तोंडाला मफलर, तो आईनंच बांधला असणार. उठता येत नाही, कारण छातीत दुखतंय. आणि मी इथं वर उभी राहून कारणं शोधतेय.

पण मी सकाळपासून दारात आहे. माझ्या समोरून गेल्याशिवाय कुणी खाली जाऊ शकत नाही.

मधे मी पाव आणायला गेले होते. तेवढ्यात.

पण पोलंडची बाई परवाची होती.

ती बाई म्हातारी होती, तिला भास झाला. ही नर्स आहे. नर्सला भास होत नाहीत.

तिनं किल्ली काढली आणि दारावर वाजवली. टण, टण, टण. थांबली. खालून काही आलं नाही. मग अगदी हलकं, कापडावर कापड घासल्यासारखं काहीतरी झालं आणि थांबलं. बसल्या जागी कुणी नीट व्हायला बघावं आणि जमू नये, तसं.

ऐकू गेलं नसेल त्यांना. किंवा गेलं, पण हात गुंडाळलेले, कशाचा आधार धरणार?

तिनं मांडीएवढ्या उंचीच्या कठड्यावर फोन ठेवला, बाबांचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला. खाली असतील तर फोन खाली वाजेल. एवढं साधं होतं. ती कान देऊन उभी राहिली. फोनमधली घंटा वाजत होती. खालून काही वाजत नव्हतं. पण दगडाखाली फोन लागतच नाही. आणि लागत नसता, तर इथं घंटा वाजली असती का? फोन आईच्या पिशवीत असेल. बटाट्यांखाली.

दिवे गेले.

रोजच जायचे त्या सुमाराला. जनित्र सुरू व्हायला वेळ लागायचा. पायऱ्या मधेच कापल्यासारख्या दिसेनाशा झाल्या. आणि त्या काळोखातून, फार लांबून नव्हे, एक आवाज आला. घोगरा, कोरडा, बरेच दिवस न वापरलेला. पण चाल तीच होती, दुसऱ्या अक्षरावर किंचित ओढलेली, रोज संध्याकाळी याच पायरीवर तिनं ऐकलेली.

"बाबा."

 ते माझी वाट बघतायत. मी आत यावं म्हणून, नाहीतर नुसतं बोलवावं म्हणून. त्यांचा जीव खाली जातोय आणि मी किल्ली वाजवतेय, परक्यासारखी. हाक मारायची नाही हे खरं. पण नावानं मारायची नाही. बाबा हे काही नाव नव्हे. बाबा तर सगळेच असतात.

कठड्यावर फोन वाजत होता.

तिनं चौकटीला धरलं, काळोखात वाकली आणि लहानपणी मारायची तशी, सगळा जीव गोळा करून, हाक मारली.

"बाबा! या ना वर!"

त्या दगडात आवाज घुमत नाही. ही हाक मात्र खाली गेली, खूप खाली, भोकातून आतल्या खोलीपर्यंत गेल्यासारखी, आणि पोचली. कापड सरकलं. मग पाऊल. दोन्ही पाय एकत्र बांधले असते तर जसं पडेल तसं, एक जड, जोडलेलं पाऊल. मग थांबणं. मग त्याच्या वरच्या पायरीवर पुन्हा तेच.

"हळू, बाबा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "घाई नको. मी आहे इथं."

उन्हाचा शेवटचा पट्टा पायऱ्यांवर जेवढा पोचत होता, त्याच्या कडेला भिंतीला धरून एक हात आला. पांढरा. बोटं नव्हती, म्हणजे असावीत, पण एकत्र गुंडाळलेली. कापड नवं नव्हतं. तिनं आपला हात पुढे केला.

कठड्यावरची घंटा थांबली. फोनमध्ये खरखर झाली, ढकलगाडीची चाकं गेली, लांब कुणीतरी खोकलं. आणि मग बाबांचा आवाज आला, थकलेला, झोपेतून उठलेला, नेहमीसारखा किंचित वैतागलेला.

"हं, बोल बाबा. झालं सगळं नीट. किल्ली वाजवलीस ना?"